कोन्स्टान्सचा हिवाळा: बोडनझेच्या काठी नव्वद दिवस

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं जर्मनीला जाऊन आलो. व्हिसा नव्वद दिवसांचा, तो आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत वापरला, ३ डिसेंबर २०२४ ते २ मार्च २०२५. गाव कोन्स्टान्स, जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला, बोडनझे नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठावर. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालोय, कराडला असतो, त्यामुळे पाणी दिसलं की वहीत आकडा लिहायची सवय हाडात मुरलेली. त्या वहीतूनच हे लिहितोय. रोजचं लिहीत नाही, काही दिवस नुसतेच धुक्यात गेले.

३ डिसेंबर, मंगळवार

मुंबईहून झुरिच, आणि झुरिच एअरपोर्टच्या खालूनच ट्रेन, तासाभरात कोन्स्टान्स. पासपोर्टवर शिक्का स्वित्झर्लंडचा आणि उतरलो जर्मनीत, मध्ये कुणी काही विचारलं नाही. जावईबापू स्टेशनवर आले होते, ते इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करतात. स्टेशनच्या मागेच बंदर, म्हटलं आधी तळं बघू. बघायला काही नव्हतंच! समोर राखाडी पाणी, त्यावर राखाडी धुकं, आणि दोन्ही कुठे मिळतात ते कळेना. दुपारचे चार वाजले होते आणि दिवे लागायला लागले होते. ही म्हणाली, अहो, इथे सकाळ झालीच नाही का आज?

लेकीला नववा महिना. दार उघडून ती उभी राहिली आणि हिने बॅग तिथेच टाकली.

५ डिसेंबर

तळ्याची माहिती काढली. क्षेत्रफळ ५३६ चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल ठिकाणी २५१ मीटर. साठा ४८ घन किलोमीटर, म्हणजे आपल्या भाषेत साधारण १७०० टीएमसी (अब्ज घनफूट). कोयना १०५ टीएमसी. सोळा कोयना एकाशेजारी एक ठेवल्या तर हे एक तळं! मी ३४ वर्षं पाण्याचे हिशोब केले पण हा आकडा लिहिताना हात थांबला.

आणि याला दरवाजा नाही. एकसुद्धा नाही. आल्प्समधून ऱ्हाईन येते, तळ्यात शिरते आणि कोन्स्टान्सच्या पुलाखालून पुन्हा नदी होऊन बाहेर पडते, मध्ये कुठे वक्रद्वार नाही, विसर्ग ठरवणारा माणूस नाही, सायरन नाही. आल्प्सच्या पायथ्याची इतर बरीच मोठी तळी माणसाने दरवाजे लावून ताब्यात घेतली, हे मोकळंच राहिलं. बंदरावर पातळीची मोजपट्टी आहे, शिवाय आकडा इंटरनेटवरही मिळतो, तरी मी ठरवलं की रोज स्वतः जाऊन बघायचं. घर पेटर्सहाउझेन भागात, नदीच्या अलीकडे, तिथून बंदर पंचवीस मिनिटं चालत.

८ डिसेंबर, रविवार

रविवारी सगळी दुकानं बंद, अगदी सुपरमार्केटसुद्धा. शनिवारी भाजी आणायची विसरलो तर डाळ-भात. लेक म्हणते पहिल्या वर्षी राग यायचा, आता बरं वाटतं.

संध्याकाळी नाताळचा बाजार बघितला, तो गल्ल्यांमधून सुरू होऊन थेट बंदरापर्यंत येतो. गरम वाईनचा दालचिनी-लवंगेचा वास, भाजलेले बदाम, लाकडी खेळणी. हिने बिनदारूचा गरम ज्यूस घेतला, कपाला डिपॉझिट होतं, तो परत केल्यावर पैसे परत मिळाले. थंडी दोन डिग्री असेल पण लोक बाहेरच उभे, गप्पा मारत, घाई नाही कुणाला. बंदराच्या तोंडावर इम्पेरिया नावाच्या, गोष्टीतल्या एका गणिकेचा पुतळा आहे, ९ मीटर उंच, १८ टन वजन, चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. दोन हातांवर दोन उघडीवाघडी ठेंगणी माणसं बसलेली, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट, एकाच्या सम्राटाचा. १९९३ साली बसवला तेव्हा गावात बराच वाद झाला होता म्हणे. आता गावाच्या प्रत्येक फोटोत ती असते. धुक्यातून ती हळूहळू वळते तेव्हा आधी हात दिसतो, मग चेहरा, मग पुन्हा काही नाही. मी तीन फेऱ्या बघत उभा होतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे नात झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. दोघी सुखरूप.

हॉस्पिटलात आम्ही बाहेरच्या खोलीत होतो, आत फक्त जावईबापू. ही रात्रभर रामरक्षा म्हणत होती. सकाळी खिडकीतून बघितलं तर धुकं तसंच, पण मला त्या दिवशी ते अजिबात जड वाटलं नाही. वहीत पातळी लिहिली आणि त्याच ओळीत पुढे वजन लिहिलं. त्या दिवसापासून वहीला दोन कॉलम झाले.

१७ डिसेंबर

आज दाई घरी आली. इथे तिला हेबामे म्हणतात, सुरुवातीला रोज म्हटलं तरी येते, खर्च आरोग्यविमा देतो. पन्नाशीची बाई, सायकलवरून आली, हेल्मेट काढलं, हात धुतले, आणि पिशवीतून काय काढावं? झोळीचा काटा! कापडाच्या झोळीत बाळ ठेवायचं आणि हुकला लटकवून वजन घ्यायचं. आपल्या अंगणवाडीत असतो अगदी तसाच, फक्त तिचा डिजिटल. हिने तोंडाला पदर लावला आणि रडायलाच लागली, कारण ही स्वतः बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, तशा झोळीत तिने किती मुलं तोलली असतील याचा हिशोब नाही. लेकीने तिला जर्मनमध्ये ते सांगितलं. दाईने काटा सरळ हिच्या हातात दिला, म्हणाली तुम्हीच घ्या वजन. त्यानंतर जेव्हा जेव्हा ती आली तेव्हा वजन हिनेच घेतलं.

बाकी दोघींचं सगळंच पटलं असं नाही. हिचं म्हणणं खोली बंद, शेगडी, टोपडं, कान झाकलेले. दाईचं म्हणणं दिवसातून तीनदा खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं हवा खेळवायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते, आणि बाळ झोपेल त्या खोलीत अठरा डिग्रीच्या वर जायचं नाही. ही अठरा ऐकून गप्प झाली. मग दोघींनी मिळून मार्ग काढला, खिडकी उघडायची तेव्हा बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत. उन्हाचा पत्ताच नाही म्हणून बाळाला रोज व्हिटॅमिन डीची गोळी. डिंकाचे लाडू बघून दाईने विचारलं यात काय आहे, मेथी म्हटल्यावर तिने मान डोलावली, दूध यायला इथेही बायका मेथीच्या कॅप्सूल घेतात. जाताना दोन लाडू घेऊन गेली.

२१ डिसेंबर, शनिवार

सगळ्यात लहान दिवस. आठ वाजून गेल्यावर उजाडलं, साडेचारला मावळलं, आणि मधला सूर्य कुणाला दिसला नाही. इथल्या हिवाळ्याचं हे असंच असतं म्हणे, तळ्याच्या ओलाव्याने धुक्याचं झाकण बसतं आणि ते दिवसच्या दिवस हलत नाही. थंडी म्हणावी तर फार नाही, शून्याच्या आसपास, पण ओली, कपड्याच्या आत शिरणारी. नागपूरची कोरडी थंडी मी बघितली आहे, ही तिची कुणी लागत नाही.

माझा एक हातमोजा हरवला होता परवा. आज त्याच रस्त्याने जाताना एका बागेच्या कुंपणाच्या टोकावर तो खोचलेला दिसला, पाची बोटं वर करून. कुणीतरी चिखलातून उचलून असा ठेवला होता की मालकाला लांबून दिसावा. नंतर लक्ष ठेवलं तर जागोजागी असंच दिसलं, लहान मुलांच्या टोप्या, एक बूट, एकदा तर चोखणी.

२४ डिसेंबर

बाळाचा बारावा दिवस नेमका नाताळच्या संध्याकाळी आला. गावात दोननंतर सगळं बंद, रस्त्यावर माणूस नाही, आणि आमच्या घरी बारसं. पाळणा नव्हता, तर जावयांनी शेजारणीकडून वेताची मोठी टोपली आणली, हिने त्यात साडीची घडी घातली. शेजारीण सत्तरीची, एकटी राहते, तिला बोलावलं. गोविंद घ्या गोपाळ घ्या तिला काय कळणार, पण टोपलीखालून नारळ इकडून तिकडे द्यायचं तिने अगदी मनापासून केलं. आत्या भारतात, ती व्हिडिओ कॉलवर, तर नाव कानात फोनवरूनच सांगितलं. घुगऱ्या, शेवयांची खीर. आठ वाजता सगळ्या चर्चच्या घंटा एकदम सुरू झाल्या आणि कितीतरी वेळ वाजत राहिल्या. बाळ झोपेतून जागं झालं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

हिने मला बळजबरीने बाहेर काढलं. म्हणाली तुम्ही जा, मी बाळाला सोडून येत नाही. जावयांच्या मित्राच्या गाडीतून आम्ही तिघं स्वित्झर्लंडमधल्या झेंटिस नावाच्या डोंगराकडे निघालो, उंची २५०२ मीटर. गाडी धुक्यात, दिवे लावून, वळणं चढत होती. आणि एका वळणावर, काही न सांगता, धुकं संपलं. असं वाटलं की कुणीतरी डोक्यावरचं पांघरूण ओढून काढलं. निळं आकाश, डोळे उघडवेनात एवढं ऊन, पांढरे डोंगर. सव्वीस दिवसांनी सूर्य बघत होतो मी. श्वेगाल्पहून रोपवे दहा मिनिटांत शिखरावर नेतो. वरून खाली बघितलं तर आमचं तळं, आमचं गाव, सगळं एका सपाट पांढऱ्या ढगाखाली. त्या ढगालाही काठ होता, खाड्या होत्या, डोंगराची टोकं बेटासारखी बाहेर आलेली. तळ्यावर दुसरं तळं.

तिथे उभं राहिल्यावर मला पातळीचं कोडं सुटलं. आमच्या वहीत रोज आकडा खाली चालला होता, आज एक सेंटिमीटर, उद्या एक. आपल्याकडे धरण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरलेलं असतं आणि मेअखेर तळ दिसतो. इथे उलट, फेब्रुवारीत सगळ्यात कमी आणि जून-जुलैत सगळ्यात जास्त. फरक सरासरी दीड मीटरचा. पाणी कमी नसतं, ते वर असतं. मी ज्या बर्फावर बूट रोवून उभा होतो तसलंच बर्फ, मागच्या उंच आल्प्समधलं, पुढच्या जूनचं पाणी होतं. पुस्तकात वाचलेलं होतंच की हे, पण तसलं बर्फ पायाखाली करकरताना ऐकणं वेगळं.

घरी येऊन हिला फोटो दाखवले. ती म्हणाली, छान आहे हो. मला वाईट वाटलं, तिने अजून सूर्य बघितला नव्हता.

३१ डिसेंबर

मध्यरात्री फटाके, दिवाळीला लाजवतील असे, बंदरावर नुसता धूर. बाळाचे कान हिने दोन्ही हातांनी झाकून धरले होते.

६ जानेवारी

तीन राजांचा सण, या राज्यात सुट्टी. मुलं राजांचे कपडे घालून दारोदार गाणी म्हणत फिरतात, गरीब मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि दाराच्या चौकटीवर खडूने वर्षाचा आकडा आणि सी, एम, बी ही तीन अक्षरं लिहितात. शेजारणीच्या दारावर गेल्या वर्षीची तशीच होती, आज ती पुसून नवी लिहिली.

१० जानेवारी

आज ही पहिल्यांदा माझ्याबरोबर लांब चालायला आली, जुन्या गावातून. इथे १४१४ ते १४१८ मोठी धर्मसभा भरली होती. तेव्हा एकाच वेळी तीन पोप होते, तो घोळ मिटवून १४१७ मध्ये पाचव्या मार्टिनची निवड इथेच झाली, बंदरावरच्या १३८८ च्या व्यापारी गोदामात. ती इमारत अजून उभी आहे, आता तिथे कार्यक्रम होतात. त्याच सभेने प्रागच्या यान हुसला, धर्मात सुधारणा मागणारा, लोकांच्या भाषेत प्रवचन करणारा माणूस, राजा सिगिस्मुंडने अभय दिलेलं असूनही ६ जुलै १४१५ ला जिवंत जाळलं. मागे काही राहू नये म्हणून राखही ऱ्हाईनमध्ये टाकली.

मी हे सांगत होतो तेव्हा आम्ही पुलावर उभे होतो. ही बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, आपल्याकडे तुकोबांची गाथा बुडवली, ती तरली. यांनी माणूसच बुडवला. त्याचं बोलणं तरलं का हो? मी म्हटलं तरलं, शंभर वर्षांनी साऱ्या युरोपात पसरलं. तिने पर्समधून हळद-कुंकवाची पुडी काढली आणि चिमूटभर पाण्यात सोडली. याच पुलापासून ऱ्हाईनचे किलोमीटर मोजतात, शून्य इथे, पुढे समुद्रापर्यंत हजाराच्या वर.

१३ जानेवारी

संक्रांतीसाठी तीळ हवे होते. पलीकडे क्रॉइत्सलिंगेन म्हणजे स्वित्झर्लंड, दोन गावं एकमेकांना इतकी चिकटलेली की एका गल्लीत देश बदलतो. तिथे एका श्रीलंकन तमिळ माणसाचं दुकान आहे, कढीपत्ता, तीळ, शेवग्याच्या शेंगा, सगळं मिळतं, किंमत फ्रँकमध्ये ऐकून मात्र पिशवी हलकीच ठेवली. उलट शनिवारी स्विस लोक झुंडीने इकडे येतात खरेदीला, व्हॅट परत मिळवायच्या हिरव्या पावत्यांवर शिक्का घ्यायला कस्टमसमोर रांग.

येताना तळ्याकाठच्या सीमेवरून आलो. दुसऱ्या महायुद्धात तिथे कुंपण घातलं होतं, ते २००६ मध्ये काढलं आणि २००७ मध्ये त्या जागी पोलादाची २२ उंच शिल्पं उभी केली, भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांवरची. त्यांच्यामधून चालत जायचं, की तुम्ही दुसऱ्या देशात. पण २०२० च्या वसंतात कोरोनामुळे तिथेच पुन्हा जाळी आली, लोक जाळीतून हात धरायला लागले तर मग दोन मीटर लांब दुसरी जाळी लावली. एक इकडचा एक तिकडचा अशी कितीतरी जोडपी, आजी-नातवंडं होती. शेजारणीची बहीण क्रॉइत्सलिंगेनला, ती सांगत होती की दोघी खुर्च्या घेऊन यायच्या आणि ओरडून बोलायच्या. खुद्द तळ्याच्या मोठ्या भागात तर जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियाची सीमा कुठे हे आजपर्यंत कुणी करार करून ठरवलेलंच नाही! आमच्या पाणीवाटप लवादांची आठवण आली. इथे सीमा न आखता मासेमारी, बोटी, पाणी उपसा सगळं चाललंय.

युद्धात शेजारच्या फ्रीडरिशहाफेनवर प्रचंड बॉम्ब पडले, झेपेलिन कंपनीचे युद्धसामग्रीचे कारखाने तिथे. कोन्स्टान्सवर पडले नाहीत. इथे सांगतात की गावाने रात्रीचे दिवे विझवलेच नाहीत, त्यामुळे वरून बघणाऱ्याला स्विस बाजूसकट सगळं एकच गाव दिसायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. हिने काळी साडी नेसली, वर स्वेटर. नातीला काळं झबलं शिवलं होतं भारतातून येतानाच. शेजारणीला, दाईला तिळगूळ. "गोड गोड बोला" दाईने तीनदा म्हणून बघितलं. वजन चार किलो दोनशे.

१९ जानेवारी, रविवार

वोल्माटिंगर रीड नावाच्या पाणथळीकडे गेलो. आठवड्यात जे मन लागत नव्हतं ते इथे लागलं. उथळ पाणी, वाळलेलं बोरू, आणि हजारो पक्षी. उत्तरेकडचं, सैबेरियाकडचं पाणी गोठतं म्हणून ते हिवाळा काढायला इथे येतात. डोक्यावर शेंडी असलेली काळी-पांढरी बदकं, लालसर मानेची बदकं, लांब मानेचे हंस, आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे, ते तर मी लांबून ओळखले. वारकरी! उजनीवर आपण बघतो तेच, तीच जात. आता तो टिळा बघून नाव कुणी ठेवलं असेल माहीत नाही, पण दोनेक हजार वारकरी धुक्यातून एका दिशेने सरकत होते, आणि मी तिथे उभा राहून मोठ्याने विठ्ठल विठ्ठल म्हटलं. दुर्बीण लावून बसलेल्या एका म्हाताऱ्याने वळून बघितलं आणि हात केला.

हे पक्षी इतके का येतात तर शिंपल्यांसाठी. पण आता क्वाग्गा नावाचा नवा शिंपला आलाय, काळ्या समुद्राकडचा, २०१६ मध्ये इथे पहिल्यांदा सापडला. तो खोल पाण्यातही वाढतो, पाण्यातलं खाद्य गाळून घेतो आणि पाइपांना आतून चिकटतो. इथला प्रसिद्ध मासा फेल्शेन इतका घटला की २०२४ च्या १ जानेवारीपासून तळ्याच्या मोठ्या भागात तीन वर्षं त्याची मासेमारीच बंद केलीय. हॉटेलच्या पाटीवर फेल्शेन दिसला तर तो बहुतेक बाहेरून आलेला. झिपलिंगेनला पाणीपुरवठ्याचं मोठं केंद्र आहे, ६० मीटर खोलीवरून पाणी उचलतात, तीनशे मीटर वर डोंगरावर चढवतात आणि पार स्टुटगार्टपर्यंत सुमारे ४० लाख लोकांना देतात. त्या पाइपांत तो शिंपला साचून पाणी अडलं तर काय, या विचाराने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. आपल्याकडच्या जॅकवेलमध्ये जलपर्णी अडकली तरी काय हाल होतात ते मी भोगलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ही स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, भिंतीवर काहीतरी आहे. ऊन होतं ते. खिडकीच्या चौकटीएवढा पिवळा तुकडा.

सगळे बाहेर. नात जावयांच्या छातीशी बांधलेली, ही शालीत, आम्ही तळ्याकाठच्या रस्त्यावर आलो आणि तिथेच थांबलो. पलीकडे पूर्ण आल्प्स! दोन महिने आम्ही ज्या राखाडी भिंतीकडे बघत होतो तिच्यामागे हे सगळं होतं. बर्फाची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यात झेंटिस, मी हिला बोटाने दाखवला. सगळं गाव बाकांवर येऊन बसलं होतं, डोळे मिटून, तोंडं सूर्याकडे. कुणी बोलत नव्हतं. ही पण बसली, नातीला मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावरचं कापड थोडं बाजूला केलं. एक्कावन्न दिवसांच्या त्या पोरीने पहिल्यांदा शिंक दिली उन्हाने. हिने फक्त एवढंच म्हटलं, "आता मला तुमचा डोंगर बघायला जायचं नाही, इथूनच दिसला."

१२ फेब्रुवारी

माझा जन्म १९६३ चा, आणि त्याच वर्षी हे अख्खं तळं गोठलं होतं. त्याआधी १८३०. संत योहानाची एक लाकडी मूर्ती आहे, तळं गोठलं की मिरवणूक बर्फावरून चालत तिला पलीकडच्या काठाला नेते, एकदा जर्मनीतून स्वित्झर्लंडला, पुढच्या वेळी परत. १९६३ साली १२ फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर आजच्या दिवशी, हाग्नाउचे लोक तिला चालत म्युन्स्टरलिंगेनला घेऊन गेले. तेव्हापासून ती तिकडेच आहे, पुढच्या गोठण्याची वाट बघत. शेजारीण तेव्हा आठ वर्षांची, वडिलांचा हात धरून बर्फावरून चालली होती. म्हणाली खालून आवाज यायचा, कुणीतरी मोठं लाकूड फोडतंय असा. आणि आता? आता होईल असं मला वाटत नाही, म्हणाली, आणि उठून चहा ओतायला लागली.

पातळी आता इतकी उतरलीय की बंदराशेजारच्या दगडी पायऱ्यांच्या खालच्या चार उघड्या पडल्या. आलो तेव्हा त्या पाण्याखाली होत्या. काठाला गोटे, शिंपल्यांचे ढीग, मुलं त्यात काचेचे गुळगुळीत तुकडे शोधतात. मीही तीन उचलले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्रीचा उपास, आज पहाटे सहाला ढोल आणि ट्रम्पेट! फास्नाख्ट, इथला मुखवट्यांचा सण. या गुरुवारला इथल्या बोलीत श्मोत्सिगर दुन्श्टिग म्हणतात, म्हणजे चरबीचा गुरुवार, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे, ते सुरू व्हायच्या आत तळणीचं खाऊन घ्यायचं. मुलांना शाळेतून "सोडवतात", सगळं गाव मुखवट्यात. संध्याकाळी हेमग्लोंकर, शेकडो विद्यार्थी पांढरे लांब नाइटशर्ट आणि टोप्या घालून, शिक्षकांवर टोमणे लिहिलेले फलक नाचवत, हो नारो, हो नारो ओरडत जुन्या गावातून जातात. शिमग्याला आपल्याकडे जे वर्षभराचं तोंडात अडकलेलं बाहेर येतं ना, तेच. अडीच महिने कुजबुजत बोलणारं हे गाव आज घसा फोडून ओरडत होतं. आमची शेजारीण, लाल नाक लावून, खिडकीतून!

२ मार्च, रविवार

नव्वदावा दिवस. आज दुपारी मोठी मिरवणूक आहे, ती बघायला मिळणार नाही. सकाळी सातला एकटाच बंदरावर जाऊन आलो, शेवटचा आकडा घेतला. वजन काल घेतलं, पाच किलो आठशे. वहीत दोन्ही कॉलम वरपासून खालपर्यंत वाचले, एकातला आकडा कमी होत गेलेला, एकातला वाढत. वही जावयांकडे ठेवली, म्हटलं जमेल तसं लिहा, जूनपर्यंत तरी.

निघताना हिने नातीची सगळी झबली पुन्हा एकदा घडी करून ठेवली, कालच केलेली. लेक स्टेशनवर आली नाही, मीच नको म्हटलं. ट्रेन सुटल्यावर हिने खिडकीला डोकं टेकलं आणि झुरिचपर्यंत काही बोलली नाही.

कराडला आल्यावर तिसऱ्या दिवशी जावयांचा मेसेज आला: बाबा, आज मोजलं, पाणी अजून उतरतंय.